सुमनबाईंचा रकाना

क्षयरोगाच्या वॉर्डातल्या बायकांची दर आठवड्याची वजनं मी ‘आर’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये भरत होतो. एकेकीच्या वजनांची माळ म्हणजे एक व्हेक्टर. अशा माळा उभ्या करून शेजारी शेजारी लावल्या की मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, तयार होते. जवळ बसलेल्या डॉक्टर मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, “या सुमनबाई किती खंगल्या होत्या. मध्यावर वजन एकदम वर आलंय बघा.” मग स्वतःच थांबल्या. “पण त्या तर गेल्या ना हो.”

गेल्याच होत्या, उपचार अर्ध्यावर असताना. त्यांची माळ इतरांच्या बरोबर निम्मी होती. मॅट्रिक्सला अपुरा रकाना चालत नाही आणि माळ अशी नेमकी निम्मी असली तर प्रोग्रॅम तक्रारही करत नाही. तीच वजनं पहिल्यापासून पुन्हा लिहून जागा भरतो. मेलेली बाई पुन्हा वॉर्डात दाखल झाली होती आणि पुन्हा तशीच झिजत चालली होती.

मी त्या जागांवर ‘एनए’ लिहिलं, म्हणजे नोंद नाही. तर त्या आठवड्यांच्या सरासरीच्या जागीही ‘एनए’च आलं. एक माणूस नाही म्हणून सगळ्यांचाच हिशेब अडून राहावा, इतका शोक मी माणसांतही क्वचित पाहिला आहे.

“नसलेले वगळा ना,” मॅडम हळूच म्हणाल्या. “रिपोर्ट द्यायचाय.”

मी वगळले. सरासरी लगेच आली. सुमनबाई गेल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात वॉर्डाचं सरासरी वजन आदल्या आठवड्यापेक्षा वाढलेलं दिसत होतं, कारण सगळ्यांत खंगलेली बाई आता त्यात नव्हती.