अध्यक्षांचा पोशाख

अध्यक्षांच्या हाती माईक गेला की तो परत घ्यायला दोन माणसं लागत. आमच्या लोहा गावात ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून अध्यक्ष झाले. कशाचे, हे कुणी विचारलं नाही. गावातला कुठलाच समारंभ त्यांच्या भाषणाशिवाय उरकत नसे. हातात कागद नाही, पण समोर बसलेल्या प्रत्येकाचं नाव आजोबांसकट तोंडपाठ. "स्मरण हीच माणसाची खरी इस्टेट," असं ते म्हणत, आणि ज्यांची नावं घेतली जात ते लोक माना डोलवत.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्यामुळे मला भाषणाआधीचे अध्यक्षही दिसत. एकदा त्यांनी रिकाम्या बादलीत हीटर लावला. जळका वास आला म्हणून धावलो, तर वितळलेल्या बादलीशेजारी उभे राहून म्हणाले, "हल्ली प्लास्टिकचा दर्जा घसरला आहे." चहा करायला गेले की पातेलं नुसतंच तापत राही आणि पत्ती दुधाच्या पिशवीत जाई. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, निमूट सावरून घेत. कपडेही काकूच त्यांच्या अंगावर चढवत. दारातून बाहेर पडणारे अध्यक्ष मात्र कडक इस्त्रीचे असत.

"एकदा डॉक्टरला दाखव रे ह्यांना," असं काकू नांदेडला नोकरी करणाऱ्या मुलाला, सुधाकरला, फोनवर सांगत. त्याचं उत्तर ठरलेलं. "परवाच्या भाषणात एक नाव चुकलं नाही अप्पांचं. डोकं तुझंच तपासायला पाहिजे."

हे अध्यक्षांच्या कानावर गेलं. पुढच्याच समारंभात ते माईकवरून म्हणाले, "आमच्या घरी सध्या माझी रोज परीक्षा होते. परीक्षक चौथी नापास आहेत!" मांडव खदखदून हसला. काकू बायकांत बसल्या होत्या. शेजारणीनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला. काकू समोर बघत राहिल्या.

मग गावानं अध्यक्षांचाच सत्कार ठरवला. त्या दिवशी काकूंनी कपडे खाटेवर काढून ठेवले आणि अंगणात तूर निवडत बसल्या. थोड्या वेळानं अध्यक्ष बाहेर आले. अंगात सदरा, सदऱ्यावर बनियन, बनियनवर जाकीट. मी लगबगीनं पुढे झालो.

"राहू दे बाबा," काकू सुपातून नजर न काढता म्हणाल्या. "आज त्यायचं त्यायनीच केलंय."

मांडवात लोक एकमेकांकडे बघू लागले. पण सूत्रसंचालक तयारीचा होता. "आजच्या पोशाखातून सरांनी साध्या राहणीचा संदेश दिला आहे," तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. बनियनवर शाल आली. मागची पोरं मोबाईल धरून खिदळत होती. भाषण नेहमीसारखं बिनचूक झालं. ते संपायच्या आत व्हिडिओ नांदेडला पोचला होता.

संध्याकाळी सुधाकर आला तो तणतणतच. "आई, तू घरात असून अप्पांना असं जाऊ दिलंस? सगळं गाव हसून राहिलंय!"

"मला हसलं तवा आला न्हाईस," काकू म्हणाल्या. "रोज मीच घालून देते कपडे. आज हात लावला न्हाई. दिसलं ना आता तुला?"

नांदेडच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. पाठ असलेलं बोलणं बराच काळ टिकतं, कामाचा क्रम आधी मोडतो, असं त्यांनी सुधाकरला समजावलं. दाखवायला उशीर झाला, हेही सांगितलं. तपासणी संपल्यावर अध्यक्षांनी डॉक्टरांचे आणि उपस्थितांचे आभार मानले. उपस्थित म्हणजे काकू, सुधाकर आणि सोबत गेलेला मी. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःच वाजवल्या.

त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. लोह्याला नवे अध्यक्ष मिळायला आठवडाही लागला नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. काकू खाटेशी उभ्या राहून एकेक कपडा हातात देत होत्या. "आता बनियन. हां. आता सदरा. हात वर करा." अध्यक्ष सांगितलेलं मुकाट्यानं करत होते. मला पाहून त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं आणि सभ्य, हळू आवाजात विचारलं, "या बाई कुणाकडच्या? कामाला फार चोख आहेत."

काकूंनी त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"ऐकलंस ना बाबा?" त्या मला म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून पयल्यांदा नाव काढलं माझ्या कामाचं."