दोन आले, एक राहिला

सुंडलाची वाटी मामी पुढे करायच्या आणि आपण हात लांबवला की मागे घ्यायच्या. "विषय सांग!"

आमच्या तंजावुरात नवरात्रात घरोघरी बाहुल्यांचा कोलू मांडतात. बायका एकमेकींकडे जातात, गाणं म्हणतात, खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, म्हणजे सुंडल, घेऊन परततात. समोरच्या मामींकडे मात्र गाणं चालत नसे. तिथे परीक्षा. इतिहास, हवा, गाणं, झेंडे, कविता. पाचांतला एक विषय निवडायचा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच. नसेल तर तुमचं नशीब.

मी ओरत्तनाडूहून लग्न होऊन आले, तेव्हा अंगावर नवी रेशमी पट्टुसाडी होती आणि डोक्यात बी.ए. त्या दोन्हींचं वजन मला पेलत नव्हतं. मी ऐटीत म्हटलं, "झेंडे."

"चौकोनी नसलेला झेंडा कुठल्या देशाचा?"

"जपानचा," मी ताबडतोब सांगितलं. "तो गोल असतो."

कोलूवरच्या बाहुल्यासुद्धा हसल्या असतील. मामी हसल्या नाहीत. चमचाभर सुंडल माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "नेपाळ. ठोकून दिलं की चमचा. माहीत नाही म्हटलं असतंस तर भरली वाटी मिळाली असती."

तोच त्यांचा कायदा होता. बरोबर उत्तराला वाटी, 'माहीत नाही'लाही वाटी, फेकाफेकीला चमचा. आणि कुणी मागून कुजबुजून उत्तर पुरवलं, तर पुरवणारी आणि घेणारी दोघी रिकाम्या हाताने घरी. शेजारची वीणा शिकवणारी बाई एकदा वीणेला पडदे किती, यावर अडली. रोज बोटं फिरवते, पण चोवीस म्हणेना. डोळे मिटून हवेत बोटं नाचवत बसली. मामी वाटी धरून तिच्यासमोर उभ्या. "मोज, मोज. घाई नाही." स्वतःलाही त्या सोडत नसत. ओवीचा शेवटचा चरण आखूड का, असं मी एकदा उलटून विचारलं, तर म्हणाल्या, "माहीत नाही गे," आणि स्वतःसाठी वाटी भरून घेतली.

गेल्या वर्षी ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या महिन्यातल्या पावसात त्यांच्या घरातून जळका वास आला. मी धावले. दुधाचं पातेलं कोळसा झालेलं, गॅस चालू, आणि मामी पलीकडच्या खोलीत शांतपणे रेडिओवर हवामान ऐकत बसलेल्या. वासाचा त्यांना पत्ता नाही. असं दुसऱ्यांदा झालं होतं. मी बंगळूरला त्यांच्या मुलाला फोन केला.

तो आला. बिचारा भांडायला आला नव्हता. "अम्मा, तू एकटी असलीस की मला झोप लागत नाही. चल माझ्याबरोबर."

"माझं घर इथे आहे."

"गॅसचं काय?"

मामींनी रेडिओ बंद केला. मग म्हणाल्या, "डॉक्टरला प्रश्न विचारू देत. सगळे आले तर मी इथेच. एक जरी चुकला तरी मी येते. कबूल?"

त्याने मान हलवली. मामींना प्रश्नांचीच भीती वाटत नव्हती, हेच मला भीतीचं वाटत होतं.

दवाखान्यातली डॉक्टर मुलगी तरुण होती. मामी बसताच म्हणाल्या, "विषय कोणते?"

ती हसली. "साधेच, पाट्टी." तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात. "तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. मोर, छत्री, कुलूप. मी मागाहून विचारीन."

मग वार, महिना. "गुरुवार. ऐप्पसी. दुपारनंतर पाऊस, ईशान्येचा," मामींनी न विचारलेलंही सांगितलं. शंभरातून सात वजा करत त्या भराभर खाली उतरल्या. कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तर काट्यांसकट काढलं. माझा जीव भांड्यात पडला.

"आता ते तीन शब्द, पाट्टी."

"मोर." मामींनी बोट दुमडलं. "छत्री."

तिसरं बोट तसंच उभं राहिलं. पंखा घरघरत होता. मुलगा खुर्चीच्या टोकावर आला होता. आईला उत्तर यावं असं त्याला वाटत होतं की येऊ नये, ते त्याच्या तोंडावरून मला ओळखता येईना. त्यालाही येत नसावं. मामी छताकडे बघत होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मला राहवेना. नातवंडांची आजी झाले तरी मी तीच, जपानचा झेंडा गोल करणारी. डॉक्टरच्या पाठीमागे मी हात उचलला आणि हवेत किल्ली फिरवली. एकदा, मग पुन्हा.

मामींनी पाहिलं. चेहरा असा झाला, की मी लहान झाले.

"डॉक्टर, ही खुणा करतेय. हिला बाहेर काढा."

बाहेरच्या बाकावर मी पदराचं टोक पिळत बसले. दार बंद. आतून काही ऐकू येत नव्हतं. शेवटी मामी आल्या, मागोमाग मुलगा.

"काय झालं?"

"दोन आले. एक राहिला."

"कुठला राहिला?" भीतीने मी काहीही बोलत होते.

"ते कळलं असतं तर राहिला असता का?"

मुलगा घसा खाकरत म्हणाला, "अम्मा, डॉक्टर म्हणाली की एका शब्दावरून काही ठरत नाही. आपण कामाला बाई ठेवून बघू या."

"तुझं-माझं ठरलं होतं," मामी म्हणाल्या.

"अहो मामी, एकच तर चुकला!" मी म्हटलं.

"माझ्या घरी एकाच प्रश्नावर ठरायचं की, गे. तेव्हा कुणाला दुसरा दिला मी?"

निघायच्या दिवशी गाडी दाराशी उभी होती. बाहुल्या आतच होत्या, कागदात गुंडाळलेल्या. सामान चढलं. मुलगा म्हणाला, "अम्मा, दार मी लावतो," पण मामींनी त्याला बाजूला केलं. दार ओढलं, कडी घातली आणि जड पितळी कुलूप हातात घेऊन तशाच थांबल्या. माझ्याकडे वळल्या.

"तो तिसरा अजून येईना बघ."

माझं तोंड उघडलं.

"सांगू नको. शोधतेय मी."

मी तोंड मिटलं. मामींनी कुलूप कडीत अडकवून दाबलं, नीट लागलं का ते ओढून पाहिलं, किल्ली मुलाच्या हातात दिली आणि कपाळाला आठी घालून, ओठ हलवत गाडीत जाऊन बसल्या.