एस. पाटील यांच्या शोधात

मागच्या आठवड्यात धुळ्याच्या एका लायब्ररीत माझी चांगलीच फजिती झाली...

केळीवरच्या करपा रोगावर माझी पीएचडी चालू आहे. शनिवारी कमिटीसमोर जायचं होतं. आपल्या भागातलं आधीचं काम दाखवलं नाहीस तर विषय बदलावा लागेल, असं गाइड सरांनी स्पष्टच सांगितलेलं. दोन वर्षं चोपड्याच्या बागा पालथ्या घातल्यावर हे ऐकून मी थेट लायब्ररी गाठली.

हाताशी जुना एकच पेपर होता, एस. पाटील यांचा. मी शहाणीने लेखकाच्या नावानं सर्च मारला... आणि अख्खा जळगाव जिल्हा स्क्रीनवर हजर. सिमेंटवाले पाटील, हृदयरोगवाले पाटील. तीन दिवस तेच चाळत बसले.

लायब्ररीत कामाला असलेले नाना शेवटी जवळ आले. "ताई, बठ्ठा पाटील एकच शेतस का?" सगळे पाटील एकच आहेत का, असं अहिराणीत विचारून मग शांतपणे म्हणाले, "नाव राहू द्या. या पेपरचा संदर्भ नंतर कोणी दिलाय, ते उघडा."

उघडलं. सातच लेख, त्यातले चार कुणा एस. चौधरींचे. रोग तोच, तालुका तोच... आणि एका लेखात 'माझ्या आधीच्या अभ्यासात' असं लिहून संदर्भ दिलेला, तो एस. पाटील यांचा.

"लग्नानंतर आडनाव बदललं असंल," नाना म्हणाले. चौधरी नावानं शोधल्यावर आणखी पाच लेख निघाले, आणि शनिवारी माझा विषय वाचला.

आभार मानायला चौधरी मॅडमचा नंबर मिळवला. रिटायर होऊन आता त्या एरंडोलला असतात. त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "पाटील आणि चौधरी एकच का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं गं."

लगेच पुढचा प्रश्न, "तुझं लग्न झालंय?" डिसेंबरमध्ये आहे म्हटलं. "मग पेपरवर नाव कोणतं लावणार, ते आत्ताच ठरव."

फोन ठेवल्यावर मी दोन्ही नावांचे लेख एकत्र लावले. एवढं काम, आणि जवळपास सगळंच माझ्यासारखीला दिसतच नव्हतं...

होणाऱ्या नवऱ्याला त्याच दिवशी सांगून टाकलं, रेशन कार्डावर तुझं आडनाव लाव, पेपरवर माझंच राहील. तो लगेच हो म्हणाला. उद्या कुणी मुलगी माझं काम शोधायला बसलीच, तर तिला ते सगळं एकाच जागी सापडू दे.