सभासद नाना

नानांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावाखाली छापलं होतं, 'सभासद, दूध उत्पादक सहकारी संस्था'. गाव पोट धरून हसलं. आमदाराच्या नावापुढे आमदार लागतं, सरपंचाच्या नावापुढे सरपंच, तसे हे सभासद! मीही हसलो. मी त्याच संस्थेचा सचिव, आणि सभासद म्हणजे माझ्या लेखी रजिस्टरातली एक ओळ. तेव्हापासून गाव त्यांना सभासद नाना म्हणू लागलं. चेष्टा होती, पण त्यांना ते मनापासून आवडायचं.

सकाळी डेअरीवर चरवी रिकामी केली की नाना तिथल्याच पायरीवर बसून जगाचे निकाल लावायचे. कुणी विचारलेलं नसायचं. पाटोद्याच्या बाजारात कुठल्या गाड्यावरची भजी खावीत, हे ते ठणकावून सांगत. "तळणारा सोता खातोय का बघायचं. खात नसंल तर निघायचं. तेलात काय हाय ते त्यालाच ठाऊक." धंद्याबद्दल म्हणत, "मापात मारलं तर गिऱ्हाईक भांडतंय आन् परत येतंय. चवीत मारलं तर भांडत न्हाई, येतबी न्हाई." लग्नाच्या पंगतीत वरण पातळ निघालं तर नवरदेवाच्या बापाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत. त्यामुळं पुष्कळ लोक त्यांना टाळायचे.

कायद्यांवर तर त्यांचा विशेष राग. दोनशे फुटांखाली बोअर घ्यायला बंदी आली तेव्हा म्हणाले, "कायदा दोनशे फुटाला दमतोय. चेअरमनचा बोअर आठशेलाबी दमत न्हाई." आमच्या संस्थेचे चेअरमन समोरच उभे होते. ते हसले. त्यांना हसायला काय जात होतं? त्यांच्या मळ्यात भर उन्हाळ्यात हिरवा घास उभा असायचा.

एका सहकारावर मात्र नानांचा जीव होता. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची आई म्हैस पाळायची, पण बौद्धवाड्यातलं दूध गावात कुणी घेत नसे. "माय तूप करून पाटोद्याला न्यायची. तिथं कुणी वळखत नव्हतं," नाना म्हणाले. "मग डेअरी आली. माझं दूध पाटलाच्या दुधावर वतलं, एकाच कॅनमधी. म्हणलं, आता काढा निवडून!" ते खूप वेळ हसत राहिले. मला हसू आलं नाही. त्यांच्या आईचं दूध न घेणाऱ्या घरांत आमचंही घर होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

पुढे ओळीनं तीन पावसाळे कोरडे गेले. नानांची म्हैस चारा छावणीत राहून आली ती आटूनच. चरवी येईनाशी झाली, नाना मात्र येत राहिले. त्यातच नवा नियम आला: ठरलेले दिवस दूध न घालणारा सभासद अक्रियाशील, त्याला मतदान नाही. कागदावर शहाणा नियम. आमच्या गावात त्याचा अर्थ एवढाच होता की ज्याच्या बोअरला पाणी, तो सभासद. चेअरमननी यादी करायला सांगितली, मी केली. बौद्धवाड्यातली झाडून सगळी नावं तिच्यात आली, वरच्या आळीतल्या गरिबांचीही आली. सर्वसाधारण सभेला दुष्काळाची सूट देता येत होती. तसा ठराव विषयपत्रिकेवर घेणं माझं काम होतं. मी घेतला नाही. निवडणूक तोंडावर होती, चेअरमनना ती यादी हवी होती आणि मला माझी नोकरी.

सभेत मी नावं वाचली. नाना उठले. "शेक्रेटरी, म्हैस आटली म्हणून मी कावून आटलो?"

मंडपात हशा पिकला. चेअरमन गोड आवाजात म्हणाले, "नाना, आता तुमाला बोलता येत न्हाई. नियम हाय. पण जेवल्याबिगर जाऊ नका."

नानांनी टोपी नीट केली आणि ते निघून गेले. बौद्धवाड्यातली दहाबारा माणसं त्यांच्यामागे उठली. थोड्या वेळानं पुरी-बुंदीची पंगत बसली. मी जेवलो.

नंतर पाऊस झाला. नानांनी नवी म्हैस आणली, पण दूध डेअरीवर आलं नाही. रस्त्यावर खासगी डेअरीची गाडी यायची, तिला ते घालू लागले. माझं मन खात होतं. एक दिवस त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "नाना, उद्यापासून डेअरीवर या. मागचे दिवस मी रजिस्टरात भरून टाकतो. कुणाला कळणार नाही."

नाना वैरण तोडत होते. थांबले नाहीत. "खोट्या दिवसांचा सभासद व्हावं म्हणतोस?" मग विळा खाली ठेवून म्हणाले, "नियम सरकारचा, यादी चेअरमनची. तुझी नोकरी. समदं कबूल. पर एवढी नावं वाचलीस, एकदाबी मान वर केली न्हाईस. मी म्होरंच बसलोतो."

मी तसाच परत आलो. त्यानंतर नाना भेटले की मान हलवायचे, बोलायचे नाहीत. गेल्या उन्हाळ्यात ते वारले.

मी अजून सचिव आहे. दरवर्षी यादी निघते आणि दरवर्षी सभेत ती मीच वाचतो. आता मान वर करून वाचतो. ज्याचं नाव येतं त्याच्याकडे बघतो, आणि पुढचं नाव घेतो.