बारा नंबरच्या सुया

थोरलीला एक पोटदुखी होती. कुठल्याही डॉक्टरला ती सापडली नसती. ती दिवसभर गप्प असायची आणि संध्याकाळी, चष्म्याच्या दुकानातून घरी परतताना, जिन्याच्या पहिल्या पायरीवर नेमकी उठायची. कारण त्या पायरीवर पाय ठेवला की तळमजल्याच्या उघड्या दारातून दोघींचं हसणं ऐकू यायचं. एक तिच्या लेकीचं आणि दुसरं धाकट्या जावेचं.

दोघे भाऊ एकाच घरात वरखाली राहायचे. वर थोरली, खाली धाकटी. धाकटी घरी बसून दुकानांसाठी स्वेटर विणायची, त्यामुळे थोरलीची मुलगी शाळा सुटल्यावर काकूकडेच जायची. सोय उत्तम होती. येणारा-जाणारा म्हणायचा, "काय छान सोय आहे हो तुमची!" थोरलीही मान डोलवायची. पण सोय सोय म्हणता म्हणता पोरीनं तिकडे सोयरीकच जोडली होती. मुलगी एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलं होतं. तीच मुंगी खाली काकूपाशी मात्र गुळाच्या ढेपेला चिकटावी तशी तासन्‌तास बसायची. हाक मारून खाली आणावी लागतात अशी मुलं असतात, हिला हाक मारमारून वर आणावं लागायचं.

वर आल्यावर तरी सुटका व्हावी! "काकू म्हणते, केस ओले असताना विंचरू नयेत." "काकू म्हणते, पोळी अशी नाही, अशी गुंडाळायची." थोरली आत सगळं गिळायची आणि वरून म्हणायची, "हो का? काकू अगदी सर्वज्ञच."

"सर्वज्ञ म्हणजे?"

"म्हणजे तुझी काकू."

एका संध्याकाळी जेवताना मुंगी म्हणाली, "सहलीला डोंगरावर जायचंय. बाईंनी सांगितलंय, लोकरीची टोपी पाहिजेच. काकूला सांगते."

"काकूला कशाला? मी विणीन."

मुंगीचा घास तोंडापाशीच थांबला. "तू?"

"का? माझ्या हातांना काय धाड भरलीय?"

नवऱ्यानं ताटातून मान वर केली नाही. "हातांना काही नाही झालेलं. तुला विणता येतं हे आम्हाला आजच कळलं, इतकंच."

"तुम्ही जेवा."

खरं म्हणजे थोरलीनं जन्मात सुया धरल्या नव्हत्या. धाकटीच्या हातातल्या सुयाही तिनं कधी नीट पाहिल्या नव्हत्या. पाहिल्या असत्या तर कौतुक करावं लागलं असतं, म्हणून ती त्या बाजूला बघायचंच टाळायची. दुसऱ्या दिवशी मुंगीला आणायला गेली तेव्हा तिनं पहिल्यांदा हळूच नजर टाकली. काम आटोपलेलं होतं, लोकरीच्या पिवळ्याधमक गुंड्यात सुया मुळापर्यंत खुपसलेल्या होत्या. वर फक्त त्यांची बोंडं दिसत होती आणि बोंडांवर आकडा होता, सहा.

थोरलीच्या जिवाला बरं वाटलं. सहाच ना! तिच्या दुकानात नंबर म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात तिचा जन्म गेला होता. नंबर जितका मोठा तितकी काच जाड, तितकं काम कठीण आणि तितकं गिऱ्हाईक मानानं वागवायचं. बारा नंबरची काच मालक तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचेच नाहीत. शिवाय नवशिक्यानं जाड सुया घ्याव्यात असंही तिनं कुठंतरी ऐकलं होतं. म्हणजे दोन्ही गोष्टी जमल्या. हिच्या सहा, तर आपल्या बारा.

लोकरीच्या दुकानातली म्हातारी मालकीण गळ्यात टेप अडकवून बसली होती. तिनं काउंटरवर सगळं मांडलं. या प्लास्टिकच्या, हलक्या, पण जरा वाकतात. या बांबूच्या, टाके धरून ठेवतात, निसटू देत नाहीत. आणि या स्टीलच्या, सुळसुळीत, सराईत हाताला बऱ्या.

"स्टीलच्याच द्या," थोरली म्हणाली. चकाकत होत्या ना.

"कोणासाठी? नवीन शिकणारं कुणी असेल तर बांबूच्या न्या, सहा-सात नंबरच्या."

नवीन शिकणारं! थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "छे हो! ओळखीच्या एक आहेत. चांगल्या मुरलेल्या आहेत. बारा नंबरच्या द्या."

"बारा?" मालकिणीनं कौतुकानं भुवया उंचावल्या. "हात मोठा बारीक दिसतो बाईंचा."

थोरलीला वाटलं, ही त्या ओळखीच्या बाईच्या अंगकाठीबद्दल बोलतेय. "नाही, तशा त्या अंगानं माझ्याएवढ्याच आहेत," ती म्हणाली. मालकिणीनं सुया काढून ठेवल्या. मग थोरलीनं शाईसारखी गडद निळी जाड लोकर घेतली. नवशिक्यानं फिक्या रंगावर शिकावं, टाके दिसतात, हे तिला सांगायला तिनं कुणाला जागाच ठेवली नव्हती. धाकटीची पिवळी होती, म्हणून हिची निळी.

घरी येऊन पुडकं सोडलं आणि ती बघतच राहिली. सायकलच्या चाकातल्या तारा परवडल्या! दुकानदारणीनं भलतंच काही बांधलं की काय, म्हणून बोंड पाहिलं. बारा. स्पष्ट बारा.

एखादी दुसरी असती तर तिथेच हसली असती आणि बदलून घेऊन आली असती. पण मत्सराचं गणित वेगळं असतं. थोरली पलंगावर बसली आणि तिच्या मनात आलं ते असं: बारा नंबर जर इतक्या बारीक, तर सहा नंबर किती बारीक असतील? अर्ध्या! म्हणजे धाकटी केसाएवढ्या सुयांवर ते एवढाले स्वेटर विणते! आणि तेही हसत, मुंगीशी गप्पा मारत! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आता मागे फिरणं शक्यच नव्हतं. निदान बाराच्या तरी जमल्याच पाहिजेत.

टाके घालायचं तिनं चष्म्याच्या दुकानात टेलिफोनवर बसणाऱ्या मुलीकडून शिकून घेतलं. नंतर रोज जेवणाच्या सुट्टीत ती काचा घासायच्या चाकामागे लपून विणू लागली. जाड लोकर त्या तारांवर अशी आवळून बसायची की टाका सरकवताना कर्रर्र वाजायचं. मालक बाहेरून ओरडायचे, "अगं, चाकाला तेल घाल, करकरतंय!"

"घालते, घालते!"

आठवडाभर ती करकर चालली. तयार झालं ते तळहाताएवढं आणि इतकं टणक, की दारात टाकलं असतं तर लोकांनी पाय पुसले असते. तिनं ते घरी पिशवीत लपवून आणलं आणि मुंगीला नेमकी पिशवीतच खोडरबर शोधायची बुद्धी झाली.

"आई! हे काय गं? दगड विणलास?"

"हात लावू नकोस. टोपी आहे ती."

मुंगीनं सुयांची बोंडं पाहिली आणि खिदळत सुटली. "बारा नंबर! अगं, या मोज्यांच्या सुया! सुयांचा नंबर उलटा असतो. नंबर मोठा, सुई बारीक. काकूच्या सहाच्या बघ की, पेन्सिलीएवढ्या आहेत."

थोरलीच्या डोळ्यांसमोरून सगळे दिवस झरकन गेले. केसाएवढ्या सुया, तिळपापड, कर्रर्र. नंबर उलटा! आणि हेही आपल्याला आपल्याच पोटच्या पोरीनं सांगावं, काकूच्या तोंडून ऐकलेलं!

"काकूकडून सहाच्या आणू? तिच्याकडे जास्तीच्या आहेत."

"खबरदार! आणि खाली एक अक्षर बोलायचं नाही."

ती पुन्हा लोकरीच्या दुकानात गेली. "सहा नंबर. बांबूच्या," ती काउंटरकडे बघत म्हणाली.

"त्या ओळखीच्या बाईंनाच का?" मालकिणीनं विचारलं.

"हो. नजर अधू झालीय त्यांची."

"चष्मा करून द्या की मग. तुमच्याच तर दुकानात होतात, माझाही तिथलाच आहे."

थोरलीनं पैसे ठेवले आणि सुया पिशवीत कोंबल्या.

पण त्या दिवसापासून घरातलं वारं फिरलं. मुंगीला शिकवायचा भारी सोस. शाळा सुटली की ती काकूकडे जायची खरी, पण आई आल्याचा आवाज आला की न बोलावता वर धावायची. आईला चिकटून बसायची, बोटं धरून दाखवायची. "सुई आत, लोकर वरून, बाहेर काढ, सोड. अशी नाही गं आई, किती घट्ट धरतेस! सुई पळून जाणार आहे का?" थोरलीचा टाका गळला की मुंगी केसातली पिन काढून तो असा लीलया वर आणायची, की मोठ्या बायकांनीही तिचा हात धरला नसता.

"इतकं चांगलं कुठं शिकलीस?"

"मला सवय आहे. काकूचे रोज गळतात. मीच उचलते."

थोरलीच्या मनात लाडू फुटले. एवढी नावाजलेली विणणारी, आणि टाके गळतात! रात्रीचं जेवण वाढताना तिनं नवऱ्याला ही बातमी ऐकवली. "नाव मोठं नि लक्षण खोटं," ती म्हणाली आणि त्या दिवशी तिनं आमटीही जास्त वाढली.

पंचाईत पुढेच झाली. हात बसला. बांबूच्या सुयांवर टाके शहाण्यासारखे उभे राहायला लागले, गळायचे थांबले. मुंगी शेजारी बसून जांभया द्यायला लागली. मग पाय हलवायला लागली. मग म्हणाली, "आता तुला येतंय की. मी जरा काकूकडे जाऊन येऊ?"

पायरीवरची ती पोटदुखी थोरलीला आता घरातच उठली. तिनं मुंगीकडे पाहिलं, हातातल्या ओळीकडे पाहिलं, आणि डाव्या सुईवरचा एक टाका अंगठ्यानं हलकेच ढकलून दिला.

"अगंबाई, गळला बघ!"

मुंगी परत बसली.

दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन. टोपी पुढे सरकेना. पाहायला गेलं तर टोपी पूर्ण करायची म्हणजे मुंगीला मोकळं करायचं, आणि टाके सोडत राहायचं म्हणजे सहलीच्या दिवशी पोरगी बोडकी नाही तर काकूची टोपी घालून जाणार. थोरलीला दोन्हीतलं काहीच नको होतं. उद्या नक्की भरभर विणू, असं म्हणत म्हणत सहलीची आदली संध्याकाळ आली. टोपीचा घेर झाला होता, वरची बाजू तशीच उघडी होती.

तेवढ्यात दारात धाकटी. ती सहसा वर यायची नाही. थोरलीनं आधी तिच्या हातांकडे पाहिलं. पिवळी टोपी असणार, दुसरं काय! पण हात रिकामे होते.

"मुंगी येत नाही हल्ली," धाकटी दारातूनच म्हणाली. "येते आणि पळते. म्हटलं, बघावं तरी वर काय पिकलंय."

"काकू, बघ, आईची टोपी! टाके मी उचलले!" मुंगीनं निळं विणकाम तिच्या हातात कोंबलं आणि स्वतः दप्तर भरायला आत पळाली.

धाकटीनं ते उजेडात धरलं. सुईवरून बोट फिरवत गेली आणि खाली सुटलेल्या एका टाक्यापाशी थांबली.

"ताई, हा टाका गळलेला नाही. सोडलेला आहे."

थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "तुला गं काय कळतं त्यातलं?"

"मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

धाकटी हे म्हणाली आणि एकदम खिडकीकडे बघायला लागली. थोरली तिच्याकडे बघत राहिली. काकूचे रोज गळतात. मीच उचलते. इतकी वर्षं दुकानांना स्वेटर पुरवणाऱ्या बाईचे टाके रोज गळतात, आणि तेही नेमके शाळा सुटल्यावर!

"लबाड," थोरली म्हणाली.

"तुम्ही काय कमी?"

आतून मुंगी ओरडली, "आई, टोपी होईल ना उद्यापर्यंत?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "वर टाके कमी करत आणायचे असतात," धाकटी हळू म्हणाली. "दाखवू?"

"दाखव. पण सुया माझ्याच हातात राहतील."

"राहू देत. मी बोलते, तुम्ही विणा."

धाकटी बोलत गेली, थोरली विणत गेली, आणि त्या संध्याकाळी एकही टाका गळला नाही. शेवटची शिवण कुणी घालायची यावरून थोडी ओढाताण झाली, तेव्हा अर्धी हिनं घातली, अर्धी तिनं. नीट पाहिलं असतं तर कुठं हात बदलला ते दिसत होतं.

सहलीहून मुंगी टोपीसकट परतली तेव्हा दोघीही फाटकाशी उभ्या होत्या. एकीनं दप्तर घेतलं, दुसरीनं पाण्याची बाटली.

"टोपी कशी वाटली सगळ्यांना?" थोरलीनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मस्त! बाईंनी विचारलं, कोणी केली?"

"मग? काय सांगितलंस?" दोघी एकदमच म्हणाल्या.

"मी केली म्हटलं. टाके तर सगळे मीच उचलले ना!"

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी बाटलीचं झाकण उगाच घट्ट करत होती.

"आणि माहितीये? बाई इतक्या गोड आहेत! त्यांना मी विणायला शिकवणार आहे. रोज शाळा सुटल्यावर, त्यांच्या घरी. त्या म्हणाल्या, सुया कोणत्या घेऊ ते घरी विचारून ये."

 मग थोरलीनं मुंगीच्या डोक्यावरची टोपी सारखी केली आणि अगदी मायेनं म्हणाली, "बाईंना सांग, बारा नंबरच्या घ्या. शिकणाऱ्याला मोठा नंबर बरा."

"आई! पण त्या तर—"

"आणि म्हणावं, स्टीलच्याच घ्या," धाकटी म्हणाली.