वखारीतली वाळू

ही हकीकत सांगायचं मी साठ वर्षं टाळलं. बायकोलाही कधी सांगितली नाही. गेल्या आठवड्यात मुलगा दुकानासाठी कॅमेऱ्याची सिस्टीम निवडत होता. "बाबा, भरवशाची कुठली वाटते तुम्हाला?" असं त्यानं विचारलं, आणि मी उठून बाहेर गेलो. तेव्हाच ठरवलं — आता लिहायचं, आणि काही न लपवता लिहायचं.

आधी स्पष्ट करतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, सांगता येत नाही.

साठच्या दशकाची सुरुवात. मालवणात बंदराच्या रस्त्यावर आमची वखार होती. सुंभ, जाळी, शिडाचं कापड असा माल. जांभ्या दगडाच्या भिंती, समुद्राकडे एकच दार, आणि मांजर जेमतेम शिरेल एवढा झरोका. राखणीला हसनकाका. तरुणपणी गलबतावर होते, नंतर वीस वर्षं आमच्याकडे.

त्यांची पद्धत त्यांचीच. रोज सांजवेळी दारासमोरची वाळू ते खराट्यानं सारखी करायचे, मागे मागे सरकत, माशाच्या खवल्यांसारखी नक्षी पाडत. सकाळी ती वाचून वडिलांना सांगायचे, "लंगडो कुत्रो इल्लो. एक मांजार. माणूस कोण नाय."

मी मुंबईला चार वर्षं नोकरी करून परतलो होतो. मला हे हास्यास्पद वाटायचं. शिवाय नायलॉनचा दोरा तेव्हा नवा, महाग. त्याचे दोन गठ्ठे वखारीत आले होते. मी कुत्रा, लोखंडी जाळी, दुसरा गडी, सगळ्याचा विचार केला आणि शेवटी मुंबईहून सात लिव्हरचं कुलूप मागवलं. सुतार बोलावून दाराला नवी कडी बसवून घेतली. चावी एकच, माझ्या जानव्याला.

हसनकाकांनी कुलूप हातात घेऊन वजन पाहिलं. "धाकटे शेटनू, कुलूप बरा आसा. पण कोण इल्लो ता सांगात काय?"

"आणि तुमची वाळू काय चोराला धरून ठेवते?"

"धरूक मी आसंय मा," ते हसून म्हणाले.

आठवड्याभरानं एका सकाळी पाहिलं तर दोन्ही गठ्ठे जागेवर नाहीत. कुलूप शाबूत. वाळूवर एक ओरखडा नाही.

"काका, पावलं कोणाची?"

"कोणाची नाय. कोण येवक नाय."

"नीट बघा."

"बघलंय."

चार गडी, दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "पावलं पुसता येणारा इथे एकच माणूस आहे."

कुलपाची चावी माझ्याकडेच होती, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. मला माझं कुलूप खरं ठरवायचं होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "माका खोटाच बोलाचा असता, तर चोराची पावलां दिसली म्हणान सांगूक काय झाला होता?" एवढंच. खराटा भिंतीला टेकवला आणि निघून गेले. त्याच दिवशी शिरोड्याला लेकीकडे गेल्याचं कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकट्यानं वखार उघडली. बाहेरची वाळू गुराढोरांनी तुडवलेली होती. आत... सारवलेल्या जमिनीवर दीड हात रुंद वाळूचा पट्टा पसरला होता. उंबऱ्यापासून सुरू होऊन, सुंभाच्या ढिगांना वळसा घालून, माळ्याच्या शिडीपर्यंत गेलेला. त्यावर तीच नक्षी. खवला न् खवला नीट. पाऊल एकही नाही.

मी कौलं तपासली. झरोका तपासला. कुलूप तर मीच उघडलं होतं.

मग शिडी चढलो. माळ्यावर जुनं शीड पडलं होतं. ते उचललं, तर खाली दोन्ही गठ्ठे. आणि सगळं आठवलं... कडी बसवायला सुतार आला, त्या दिवशी त्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून मीच ते वर नेऊन झाकले होते. त्या कुलपाच्या कौतुकात साफ विसरलो.

ती वाळू मी पायांनी विस्कटली आणि झाडून काढली. यापेक्षा वाईट पुढे केलं. वडिलांना सांगितलं, "गठ्ठे मिळाले. चोरानं परत दाराशी आणून टाकलेले दिसतात."

"म्हातारो भियालो वाटता," वडील म्हणाले. हसनकाकांनीच चोरले आणि भिऊन परत टाकले, असं दुपारपर्यंत सगळ्या बाजारात झालं. मी कुणाला दुरुस्त केलं नाही.

पंधरा दिवसांनी मात्र एस.टी.नं शिरोड्याला गेलो. माफी मागायचीच, असं ठरवून. काका माडाखाली खाटेवर बसले होते, अर्धे झाले होते. लेक म्हणाली, मालवणाहून आले त्या रात्रीपासून तापानं उठलेलेच नाहीत, आजच धरून बाहेर आणून बसवलंय.

"काका, मध्ये कधी वखारीकडे आला होतात?"

"मी खंय येतलंय? माका पायरी उतरूक जमणा नाय." मग जरा थांबून, "दोरो गावलो?"

"गावलो," मी म्हणालो.

"कोण येवक नव्हतो मा?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच कळलं नाही. लेकीनं आणलेला चहा प्यालो आणि पाचच्या गाडीनं परत आलो. त्या पावसाळ्यात काका गेले.

वाळू कोणी पसरली, मला माहीत नाही. बंद दार, एक चावी, आणि तिकडे आजारी माणूस... कितीही लॉजिक लावलं तरी हे बसत नाही. मी आता त्याचा नाद सोडला आहे. पण शिरोड्याच्या गाडीत जे वाक्य घोकत गेलो होतो, ते अजून शब्दन् शब्द पाठ आहे: काका, गठ्ठे मीच माळ्यावर ठेवले होते, तुमची वाळू खरी होती आणि मी सगळ्यांसमोर तुम्हाला चोर म्हणालो, आता सगळ्यांसमोरच तुमची माफी मागतो.