नाव घेऊन प्रार्थना

आमच्या नागभीडच्या ख्रिस्ती मंडळीत दर बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असते. ती चालवायचं काम सात वर्षं माझ्याकडे आहे. सुरुवातीला मोठ्याने प्रार्थना करायला कोणी तयार नसे. सगळ्या डोळे मिटून माझ्या आमेनची वाट पाहत. मग मी सांगितलं, मोघम बोलू नका, माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा.

ते मनावर घेतलं धानाच्या रोवणीच्या कामाला जाणाऱ्या एका बाईने. आपली भाषा गावंढळ म्हणून ती दोन वर्षं गप्प बसली होती. ती बोलू लागली तसं मी दर वेळी सगळ्यांदेखत तिचं कौतुक केलं. तिच्या प्रार्थना लांबत गेल्या. त्यांत लोकांच्या घरातले तपशील येऊ लागले. ते मला खटकत होतं, तरी मी बोलले नाही. मोठ्याने प्रार्थना करणारी ती एकटीच होती, तीही गप्प होईल अशी भीती होती.

एका बुधवारी तिने शेजारणीच्या मुलीसाठी प्रार्थना केली. मुलीला फिट येते म्हणून ठरलेली सोयरीक मोडली, हे तिने देवाला नावानिशी सांगितलं. शेजारणीने ते फक्त तिच्याजवळ बोलून दाखवलं होतं. शेजारीण तिथेच होती. आमेन होताच ती उठून गेली आणि पुढे दोन आठवडे आली नाही. बाकीच्या म्हणाल्या, हिला आता प्रार्थना करू देऊ नका. चर्चचे पाळक म्हणाले, भोळी आहे, सोडून द्या.

मी तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. मी सरळ विषय काढला.

"तुमीच त म्हनल्या ना बाई, नाव घेऊन करा. मी का खोटं बोलली?"

"खोटं नाही. पण तिने ते तुला सांगितलं होतं, आम्हा वीस जणींना नाही."

तिने सूप खाली ठेवलं. "मंग तुमी मले चांगलं चांगलं म्हनत होत्या, तवाबी मी चुकतच होती का?"

"हो. आणि मला ते कळत होतं."

ती हात झटकून उठली. आम्ही दोघी माफी मागायला शेजारणीकडे गेलो. शेजारणीने दारातच ऐकून घेतलं. आत या म्हणाली नाही, पण तिसऱ्या बुधवारी सभेला आली आणि आमच्यापासून लांब बसली.

त्या दिवशी मी मुद्दाम त्याच बाईला प्रार्थना करायला सांगितलं. तेव्हा राहून गेलं असतं तर ती पुन्हा कधीच बोलली नसती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटले.

"देवा, कोनाच्या घरी काय चालू हाय, तुले माहीत हाय. आमी का सांगाव? आमेन."

कोणीतरी हसू दाबलं. शेजारीणही आमेन म्हणाली. तिची मुलगी मात्र पूर्वी तिच्यासोबत यायची, ती अजून येत नाही.